हात बघायचा की तोंड?

आमची मावशी तीसेक वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती. निवृत्त झाल्यापासून कर्वेनगरात, हिंगणे होम कॉलनीत राहते. अमुक सर्जन कसा आहे असं तिला विचारलं, तर "हात चांगला आहे" किंवा "हात बरा नाही" यापलीकडे ती काही सांगत नाही. माझी धाकटी बहीण तिच्या जवळच, वनदेवीच्या बाजूला राहते. वय ३९, वजन १०८ किलो, बीएमआय ४१. मधुमेह आहे, आम्लपित्त जुनं आहे, झोपेत श्वास अडतो म्हणून रात्री सीपॅपचं यंत्र लावून झोपते. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्यातल्याच एका मोठ्या दवाखान्यात तिला तारीख मिळाली होती. तिथले सर्जन तिच्याशी ज्या पद्धतीनं बोलले, त्यावरून या दोघींची जी जुंपली ती इथे मांडतो आहे. दवाखान्याचं आणि डॉक्टरांचं नाव मुद्दामच देत नाही. त्यांच्यासारखे बरेच आहेत.

मावशी : काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांग. मनाचं घालू नकोस.

धाकटी : चार मिनिटं भेटले. त्यातली तीन फाइल उलटण्यात गेली. मी प्रश्नांचा कागद काढला तर म्हणाले, "तोंडावर ताबा असता तर इथे आला असता का? आता प्रश्न कसले विचारताय?" मागे तीन रेसिडेंट उभे होते. त्यातला एक हसला. मग "बाकीचं डायटिशियन सांगेल" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मावशी : एवढंच?

धाकटी : एवढंच म्हणजे?

मावशी : अगं, मी ज्यांच्या हातात ब्लेड दिलं त्यांच्यात हा मवाळ ठरला असता. एक सर होते, हवा तो चिमटा मिळाला नाही की हातातला भिरकावायचे. भिंतीवर खुणा होत्या. पण त्यांचे पेशंट टाके काढून चालत घरी जायचे. दुसरे होते ते गोड इतके, की पेशंटच्या आईला 'आई' म्हणायचे. नातेवाईक त्यांच्या पाया पडायचे. आत काय चालायचं ते आम्हाला ठाऊक. दीड तासाच्या केसला साडेतीन तास, आणि वॉर्डबॉय रक्ताच्या पिशव्या आणायला धावतोय. तू तर झोपलेली असणार. झोपलेल्या माणसाला गोड बोलणं ऐकू येतं का?

धाकटी : तुझ्या बाजूचा पुरावा मीच शोधून ठेवलाय, ऐक. अमेरिकेत मिशिगन राज्यात वजनाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जननी आपापल्या एका जठराच्या बायपासचा व्हिडिओ दिला. बाकीच्या सर्जननी, तो कुणाचा आहे हे न कळता, हाताला गुण दिले. २०१३ साली ते छापून आलं. सगळ्यात कमी गुण मिळालेल्या पाव गटाच्या पेशंटांमध्ये गुंतागुंत १४.५ टक्के, सगळ्यात जास्त गुण मिळालेल्यांमध्ये ५.२ टक्के. कमी गुणवाल्यांकडे मृत्यूचं प्रमाण तर पाचपट.

मावशी : मग मी काय वेगळं सांगतेय?

धाकटी : वेगळं नाही. पण फटकळ माणसाचा हात चांगला असतो, असं त्यात कुठे म्हटलंय? तू मला दोन माणसं सांगितलीस. एक गोड पण हातानं कच्चा, एक कडू पण पक्का. गोड आणि पक्का असा तुला तीस वर्षांत भेटलाच नाही?

मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, भेटले की, दोघे-तिघे. "पण त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही." मला वाटतं, त्या दुपारचं तिचं सगळ्यात खरं वाक्य हेच. थिएटरमधल्या दंतकथा रागीट माणसांच्याच होतात. वेळेवर येऊन, शांतपणे काम करून घरी जाणाऱ्या सर्जनबद्दल सांगण्यासारखं काय असतं? म्हणून मग ऐकणाऱ्याला वाटत राहतं की कौशल्य आणि संताप जोडीनंच येतात.

धाकटी : आणि हात मी बघायचा कसा? मला कोण व्हिडिओ दाखवणार आहे?

मावशी : विचारायचं. वर्षाला किती करता? स्टेपलर स्वतः चालवता की शिकणाऱ्याच्या हातात देता? तुमच्या पेशंटमध्ये स्टेपलची रेघ गळून लीक किती झाले? आयसीयू त्याच इमारतीत आहे का? रात्री ड्युटीला कोण असतं? या पाच गोष्टी कळल्या की हात कळला.

धाकटी : आणि हे विचारायचं कुणाला? "प्रश्न कसले विचारताय" म्हणणाऱ्याला? हात बघ म्हणतेस, पण हाताची माहिती तोंडातूनच यायची ना, मावशी? ज्यानं तोंड बंद ठेवलंय, त्याचा हात मला कळणार तरी कसा?

याला मावशीकडे लगेच उत्तर नव्हतं. तिनं चहा टाकला. बहिणीचं शस्त्रक्रियेआधीचं पातळ आहाराचं पथ्य सुरू होतं. यकृत थोडं आकसावं आणि सर्जनला दुर्बिणीतून जठरापर्यंत जायला वाट मिळावी म्हणून हे पथ्य असतं. त्यामुळे चहा आम्हा दोघांनाच.

धाकटी : मला त्यांचा ओरडा लागला नाही. लागलं ते दुसरंच. ते बोलले ते शास्त्राला धरूनसुद्धा नव्हतं. स्लीव्ह म्हणून जी शस्त्रक्रिया आहे, तिच्यात ते माझं तीन-चतुर्थांशाहून जास्त जठर कापून काढणार. ते काय नुसतं जेवण कमी मावावं म्हणून? जठराचा वरचा फुगीर भाग त्यात जातो, आणि भूक लावणारं घ्रेलिन मुख्यतः तिथेच तयार होतं. १९९९ साली जपानी संशोधकांनी ते शोधलं. म्हणजे माझी भूक माझ्या इच्छेच्या बाहेर आहे, हे धरूनच ही शस्त्रक्रिया चालते. आणि ती करणाराच मला तोंडावरच्या ताब्याचं ऐकवतो! दोष तोंडाचा असेल तर तोंड शिवा म्हणावं, जठर कशाला कापता?

मावशी : (हसत) हे तिथेच सुनवायचं होतंस.

धाकटी : तिथे सुचतं का? घसा दुखतोय म्हणून गेलं तरी "आधी वजन कमी करा", गुडघ्यासाठी गेलं तरी तेच. वीस वर्षं ऐकतेय. जिथे वजनावरच इलाज करतात, तिथे तरी हे थांबेल असं वाटलं होतं.

मावशी : ते मान्य. पण त्यांचीही बाजू बघ. सकाळी सातला राउंड, मग तीन केस, मग ओपीडीत साठ माणसं. आणि ते शिकले कुणाकडून? त्यांच्या सरांनी त्यांना असंच झोडपून काढलं. पेशंटशी कसं बोलावं याचा तास झालेला मी तरी कधी बघितला नाही.

खरं आहे. वैद्यकीय वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात २०१९ पासून आला. आज मोठ्या दवाखान्यात बसलेला सर्जन त्याच्या कितीतरी आधी शिकून बाहेर पडलेला आहे. पण बहिणीला हे कारण पटलं नाही, आणि का पटलं नाही ते ऐकल्यावर मलाही पटेना.

धाकटी : दमलेला माणूस सगळ्यांवरच वैतागतो ना? माझ्यानंतर जे आत गेले त्यांच्याबरोबर कुणी पुढारी होते. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. दार उघडंच होतं. हसण्याचा आवाज आला, चहासुद्धा मागवला. म्हणजे येतं त्यांना. माझ्यावर खर्च केलं नाही, इतकंच.

मावशी : हं. हे मात्र मी रोज बघितलंय. स्पेशल रूमचा राउंड आणि जनरल वॉर्डचा राउंड. माणूस तोच, आवाज दोन.

धाकटी : आणखी एक अभ्यास सांगते. २०१७ सालचा, अमेरिकेतली ७ रुग्णालयं, ३२,१२५ पेशंट. ज्या सर्जनबद्दल पेशंटांच्या तक्रारी जास्त, त्यांच्याकडे शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत सुमारे १४ टक्क्यांनी जास्त निघाली.

मावशी : ज्यांना त्रास झाला तेच तक्रार करणार. त्यात नवल काय?

धाकटी : नाही, तक्रारी आधीच्या दोन वर्षांतल्या होत्या. मोजलेल्या शस्त्रक्रिया त्यानंतरच्या. एकामुळेच दुसरं होतं, असं ते म्हणत नाहीत. पण दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला का येतं, हा प्रश्न उरतोच.

मावशीनं कप खाली ठेवला. पुढचं ती सांगेल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

मावशी : का येतं ते मी सांगते. एकदा पोट बंद करायच्या आधी रक्त टिपायचे मॉप मोजले, एक कमी. सर घाईत. म्हटलं, "सर, एक मॉप कमी आहे." तर म्हणाले, "सिस्टर, शाळेत गणित नव्हतं का?" परत मोजले. परत कमी. परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला जीभ रेटेना. शेवटी भूल देणाऱ्या मॅडम बोलल्या. मॉप यकृतामागे निघाला.

धाकटी : मॅडम नसत्या तर?

मावशी : मी बोलले असते.

धाकटी : नक्की?

मावशी : मी बोलले असते गं. पण नवी मुलगी असती तर नसती बोलली. इथून बकुळ तांबट नर्सिंग कॉलेजच्या मुली जातात ना, वीस-बावीस वर्षांच्या. त्यांच्यातली एखादी त्या जागी असती, तर मॉप आतच राहिला असता.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेची एक यादी काढली. तिच्यात छेद देण्यापूर्वी टीममधल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. मावशीला तेव्हा तो पोरखेळ वाटला होता. एकत्र काम करणारी माणसं, नावं कसली सांगायची? पण सुरुवातीला एकदा तोंड उघडलेल्या माणसाला पुढे अडचणीच्या वेळी बोलणं सोपं जातं, असा त्यामागचा विचार आहे. मॉपच्या गोष्टीनंतर त्या यादीबद्दल तिचं मत काय, हे मी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

तरीही एक गोष्ट मावशीच्या बाजूनं नोंदवायला हवी. तुटक बोलणं आणि उत्तर न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांच्या वडिलांचं नाव या कर्वेनगराला आहे, त्या रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. नवराबायको एकमेकांशीही बोलणार नाहीत असे प्रश्न वाचक त्यांना विचारत. त्यांची उत्तरं रोखठोक असत, गोंजारणारी नसत, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात असे. तसल्या फटकळपणाशी माणसाला जमवून घेता येतं, आणि पुण्यात तर आपण रोजच घेतो. माझ्या बहिणीला मिळाला तो शेरा. उत्तर मिळालंच नाही.

मावशी : आणखी एक सांगते. मग म्हणशील मावशी फितूर झाली. हर्नियाची पेशंट होती, टेबलवर घ्यायला दहा मिनिटं उरलेली. आयाबाईंजवळ बोलून गेली की सकाळी चहा-बिस्किट खाल्लंय. डॉक्टरांना का नाही सांगितलं? तर म्हणे, "साहेब ओरडतील." तशीच भूल दिली असती तर पोटातलं फुफ्फुसात गेलं असतं. ओरडा चुकवायला बाई मरायला निघाली होती.

धाकटी : मग माझं काय होईल ते बघ. हर्नियाचे टाके निघाले की सर्जनशी संबंध संपला. माझा संबंध सुरूच तेव्हा होतो. स्टेपलची रेघ गळली तर नाडी वाढते, ताप येतो, पोटात नाहीतर डाव्या खांद्यात दुखतं. ते ताबडतोब कळवायचं असतं, सकाळपर्यंत थांबायचं नसतं. रात्री दोनला मी यांना फोन करीन? "खाल्लंत ना काहीतरी?" हे ऐकायला? मी सकाळची वाट बघत बसेन. मला माझा स्वभाव माहीत आहे. आणि पुढे जन्मभर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, दरवर्षी रक्त तपासणं. तीन वर्षांनी आठ किलो परत चढले तर यांच्यासमोर जाऊन उभी राहीन का मी? जायचंच टाळीन.

मावशी : म्हणजे तारीख घालवणार? एवढं पथ्य सुरू केलंयस ते?

धाकटी : पथ्य पुन्हा करता येईल. हे काही अपेंडिक्स फुटलेलं नाही.

मावशी : सही केलीस का?

धाकटी : फॉर्म दिलाय. चार पानं, सगळं इंग्रजीत. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं फुल्या मारल्यात, इथे आणि इथे.

मावशी : त्या फुल्या मी मारल्यात आयुष्यभर. कॉरिडॉरमध्ये, स्ट्रेचरवर, कुठेही. "इथे करा, इथे." कुणी वाचायला मागितलं तर आम्हालाच राग यायचा. केस पुढे जायची ना.

या फुल्यांबद्दल सर्वोच्च न्यायालय काय म्हणतं ते मावशीलाही माहीत नव्हतं. जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्याचा निकाल लागला. पेशंट दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला आली होती. ती भुलीखाली असताना, तिच्या आईची संमती घेऊन, डॉक्टरांनी गर्भाशय आणि बीजकोश काढले. सज्ञान पेशंट काही वेळानं शुद्धीवर येणार असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर नातेवाइकाची संमती चालत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. सहीपूर्वी पेशंटला काय काय सांगायचं हेही सांगितलं : काय करणार, कशासाठी, फायदा काय, पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, आणि नकार दिला तर काय होईल. चार मिनिटांत, त्यातली तीन फाइलमध्ये घालवून, यातलं किती सांगून होईल?

पर्यायांचंच घ्या. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइडचं आणि जूनमध्ये सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं इंजेक्शन भारतात आलं. ते माझ्या बहिणीला शस्त्रक्रियेऐवजी चालेल की नाही हे सर्जन किंवा मधुमेहाचे डॉक्टरच सांगू शकतील, पण त्याचा साधा उल्लेखही झाला नव्हता. दुसरं, स्लीव्ह की बायपास? आम्लपित्ताचा जुना त्रास असलेल्या माणसाला स्लीव्हनंतर तो वाढू शकतो, हे या क्षेत्रातल्या कुणालाही ठाऊक असतं. तिच्या कागदावरचा पहिला प्रश्न हाच होता.

मावशी : बरं, आता माझं ऐक. डॉक्टर बदलायचा की नाही ते नंतर ठरव. आधी परत जायचं. नवी वेळ घेऊन, ओपीडीच्या शेवटी. वीस प्रश्नांचा कागद बघून कुणीही पळेल. तीन प्रश्न ने, मोठ्या अक्षरात, आणि एक प्रत त्यांच्या टेबलावर ठेव. ते फाइल बघत असतील तर बोलायचं नाही. मान वर केली की पहिलं वाक्य, "डॉक्टर, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय मी सही करणार नाहीये." आवाज चढवायचा नाही. मी बरोबर येते.

धाकटी : आणि ते बोलले त्याचं?

मावशी : तेही सांगायचं. "मागच्या वेळी तुम्ही जे म्हणालात ते मला लागलं." इतकंच. भाषण नको.

धाकटी : राग धरला तर? मी त्यांच्या सुरीखाली असणार आहे.

मावशी : हे मात्र मनातून काढून टाक. मी बघितलेल्या रागीटातल्या रागीट माणसानंही टेबलवरच्या पेशंटवर डूख धरलेला नाही. सुरी हातात आली की त्यांना पोट दिसतं, माणूस दिसत नाही. तोच त्यांचा दोष आणि तोच गुण. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना वेगळं भेट. त्यांच्यापाशी वेळ असतो, आणि घोरण्याचं, सीपॅपचं तुझं जे आहे ते मुळात त्यांच्याच कामाचं.

हा सल्ला नुसत्या अनुभवाचा नाही. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या भूलतज्ज्ञांनी १९६४ साली पोटाच्या शस्त्रक्रियांच्या पेशंटांवर एक प्रयोग केला. काही जणांना आदल्या दिवशी भेटून नीट सांगितलं, की उद्या कुठे दुखेल, किती दुखेल, कुशीवर कसं वळायचं. बाकीच्यांना तसं काही सांगितलं नाही. सांगितलेल्या पेशंटांना वेदनाशामक औषध जवळपास निम्मंच लागलं, आणि ते लवकर घरी गेले.

बोलणं नीट झालं नाही की काय होतं, याचा महाराष्ट्रानं पाहिलेला सगळ्यात मोठा दाखला मुंबईचा आहे. इजिप्तची इमान अहमद फेब्रुवारी २०१७ मध्ये सैफी रुग्णालयात आली. तिचं वजन सुमारे ५०० किलो सांगितलं जात होतं. मार्चमध्ये स्लीव्हची शस्त्रक्रिया झाली. एप्रिलमध्ये तिची बहीण आणि डॉक्टर यांच्यात जाहीर भांडण पेटलं. डॉक्टर उतरलेले किलो सांगत होते, बहीण म्हणत होती की तब्येत सुधारलेली नाही. मे महिन्यात इमानला अबू धाबीला नेलं आणि सप्टेंबरात ती तिथेच गेली. तिथे चूक कुणाची ते मी ठरवणारा कोण? पण बरं होणं म्हणजे काय, हे दोन्ही बाजूंच्या मनात एकच नव्हतं, एवढं बाहेरूनही दिसत होतं.

तर दोघी पुन्हा जाऊन आल्या. नंतर माझ्यासमोर परत वाद झाला, कारण घडलेल्या गोष्टीचा अर्थ दोघींनी वेगळा लावला.

मावशी : बघ, आकडे विचारल्यावर सांगितले की नाही? वर्षाला किती, लीक किती, सगळं धडाधड. चाचपडले नाहीत. असा माणूस स्वतःचा हिशेब ठेवणारा असतो.

धाकटी : हो, सांगितले. आणि आम्लपित्ताचं विचारल्यावर एंडोस्कोपीचा रिपोर्ट पहिल्यांदा उघडला. वाचून म्हणाले, "स्लीव्ह नको, बायपासचा विचार करावा लागेल." मी कागद पुढे केला नसता तर?

मावशी : पण बदललं ना? अडून नाही बसले. मी असे बघितलेत की चूक कळूनही बदलत नाहीत.

धाकटी : रात्रीचं विचारलं तर "फोन वगैरे मी देत नाही, इमर्जन्सीला या." तिथे कोण असेल, त्यांना कोण कळवेल, काही नाही.

मावशी : आणि लागलं म्हणालीस तेव्हा?

धाकटी : "मी असाच बोलतो, मनावर घेऊ नका."

मावशी : पुण्यात याला माफी म्हणतात.

मावशीचं मत आजही असं आहे, की तिथेच करून घ्यायला हरकत नव्हती. माझं मत बहिणीकडे झुकतं, आणि त्याला कारण तो शेरा नव्हे. शेरा गिळून टाकता आला असता. माझ्यासाठी निर्णय तिसऱ्या, रात्रीच्या प्रश्नावर लागला. ज्या शस्त्रक्रियेनंतर पेशंटनं स्वतःचं दुखणं ओळखून वेळीच कळवण्यावर सगळं अवलंबून, तिथे कळवायचं कुणाला याचं उत्तर नसेल, तर हात कितीही चांगला असो, तो रात्री दोनला पोचणार कसा? वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी तारीख ठरली असेल तर निदान हा एक प्रश्न सहीच्या आधी विचारा, आणि उत्तरात माणसाचं नाव आणि चालणारा नंबर मिळतो का ते बघा. कागदपत्रं मागायला लाजू नका. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागतात. महाराष्ट्रात २०२१ पासून रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात लावणंही बंधनकारक आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात गद्दारी नाही.

बहिणीनं घेतलं. दुसऱ्या सर्जन बाई आहेत, त्याही काही गोड नाहीत. तुम्ही गोळ्या वेळेवर घेत नाही, हे साखरेचा रिपोर्ट बघून त्यांनी तोंडावर सांगितलं. पण तीनही प्रश्नांची उत्तरं मिळाली, आणि इंजेक्शनं का पुरणार नाहीत हेही न विचारता सांगितलं. रात्रीच्या रजिस्ट्रारचा नंबर कार्डावर छापलेला होता. मावशीनं घरी आल्यावर रात्री साडेदहाला तो लावून बघितला. उचलला.

कॅशलेसची मंजुरी पहिल्या दवाखान्याच्या नावानं होती, ती इथे चालत नाही. बीएमआय ४० च्या वर असल्यानं विम्याच्या अटीत ती बसते, पण कागद नव्यानं पाठवावे लागले. मंजुरी आली की तारीख ठरेल.